शनिवारची लिव्हरपूल बीटल्स फेरी, नक्की वाचा

मंडळी, येत्या शनिवारी सकाळी बरोबर १० वाजता लाइम स्ट्रीट स्टेशनच्या मेन गेटबाहेर भेटायचंय, सव्वादहाला निघणारच, कारण दुपारचा टाइम आपल्या हातात नाही.

आधी चालत मॅथ्यू स्ट्रीट. तिथला कॅव्हर्न क्लब, जिथे बीटल्स सुरुवातीला वाजवायचे, तो १९७३ ला बंद पडला होता, आत्ताचा नंतर परत बांधलाय पण जुन्या विटा बऱ्याच वापरल्यात, त्यामुळे खाली तळघरात उतरलं की ती कमान आणि तो अंधार बघून अंगावर काटा येतोच. मग पिअर हेडला बीटल्स बँडच्या चौघांचे पुतळे, ग्रुप फोटो तिथेच.

दुपारी बँडमधल्या जॉन लेनन आणि पॉल मॅकार्टनीची लहानपणीची घरं. ती नॅशनल ट्रस्टकडे (जुन्या वास्तू जपणारी संस्था) आहेत, त्यांच्याच मिनीबसने जावं लागतं, बुकिंगशिवाय आत घेत नाहीत, म्हणून नावं बुधवारी रात्रीपर्यंत द्याच प्लीज.

- घरात फोटो काढायला बंदी आहे, मोबाइल खिशातच ठेवा
- पेनी लेनच्या (बीटल्सच्या गाण्यातला रस्ता) पाटीवर नाव-बिव काही लिहायचं नाही, लोक तिथे राहतात
- छत्री, चांगले बूट, डबा आपापला

शेवटी वूल्टनचं सेंट पीटर्स चर्च. ६ जुलै १९५७ ला जॉन आणि पॉल पहिल्यांदा इथेच भेटले! आवारात एलिनॉर रिग्बीच्या (हे बीटल्सच्या गाण्यातलं नाव) नावाचा दगडही आहे, पण ते कबरस्तान आहे, मुलांना हात धरून न्या, तिथे आवाज नको.