पोरांना जरा वेळ द्या

संपादक साहेब,
एएफएल या ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या लीगमधल्या नव्या पोरांचा फॉर्म बघताना आम्ही फॅन लोक फार घाई करतो. निक डेकॉसने २०२२ मध्ये पहिल्याच सीझनला रायझिंग स्टार, म्हणजे सर्वोत्तम नव्या खेळाडूचा पुरस्कार, जिंकला म्हणून प्रत्येक पोरगा तसाच निघेल असं नाही ना, आणि रकमन, म्हणजे वर उडवलेल्या बॉलसाठी उडी मारून झुंजणारे उंच खेळाडू, तर उशिराच तयार होतात, मॅक्स गॉन २००९ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लब नवे खेळाडू निवडतात त्यात, ३४ वा होता, गुडघ्याची दुखणी काढत २०१६ ला ऑल-ऑस्ट्रेलियन झाला, म्हणजे वर्षाच्या सर्वोत्तम संघात आला, आणि २०२१ ला एएफएलचा कप जिंकणाऱ्या मेलबर्न क्लबचा कॅप्टन. नुसते डिस्पोजल, म्हणजे किक आणि हाताने दिलेले पास, मोजू नका. मार्क, म्हणजे किक केलेल्या बॉलचा हवेतला झेल, सुटल्यावर पोरगा लगेच खाली पडलेल्या बॉलमागे धावतो का ते बघा, मला तरी खरी प्रगती तिथेच दिसते. दोन मॅच खराब गेल्या की ‘ट्रेड करा’, म्हणजे दुसऱ्या क्लबला देऊन टाका, म्हणून ओरडतात ते मनाला लागतं हो, अठरा-एकोणीस वर्षांची पोरं आहेत ती.
- एक वाचक, मेलबर्न