चिकूला घास भरवणाऱ्या ताईंचे आभार

आमच्या चिकूने, आमच्या गिनीपिगने, कोथिंबिरीकडे पाठ फिरवली तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला. हनुवटी लाळेने ओली. गिनीपिगचे २० दात आयुष्यभर वाढत राहतात. याच्या खालच्या दाढा वाढून जिभेवर कमानीसारख्या आल्या होत्या. कोथरूडच्या दवाखान्यात डॉक्टरांनी भूल देऊन त्या घासल्या.

पण शुद्धीवर आल्यावरही चिकू खाईना. हा प्राणी उपाशी राहिला की आतड्यांचं काम मंदावतं, जिवावर बेततं.

तिथल्या मदतनीस ताईंची ड्यूटी संपली होती. पर्स खांद्याला लावून दारापर्यंत गेलेल्या त्या मागे फिरल्या. फरशीवरच बसल्या, चिकूला टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतलं आणि भिजवलेला चारा बिनसुईच्या सिरिंजने गालाच्या कडेने थोडा थोडा दिला. "घाई नको, त्याला चावू द्या," म्हणाल्या. मग सिरिंज माझ्या हातात दिली आणि हात थरथरायचा थांबेपर्यंत माझं मनगट धरून ठेवलं. स्वारगेटची बस चुकली, तरी चकार शब्द नाही.

पाचव्या दिवशी चिकूने स्वतःहून गवताची काडी ओढली. मी तिथेच रडले.

ताई, तुमचं नाव विचारायचं राहून गेलं. मनापासून आभार. आज सकाळी कोथिंबिरीची जुडी सोडताच त्याने शीळ घातली.