‘फुलं सुरू झाली का?’

सांगली, २० मे

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

परवा तुझा फोन आला तेव्हा दुकानात गर्दी होती, धड बोलता आलं नाही. पण तू सांगितलेला आकडा काही डोक्यातून जाईना. कास पठाराच्या वाटेवर, यवतेश्वरच्या पुढं तुझ्या पाहुण्यांसाठीच्या चार खोल्या आहेत, त्या ‘गूगलवर पहिल्या नंबरला’ आणायचे त्या पुण्यातल्या एसईओवाल्याला महिन्याला पंधरा हजार, वर वर्षाचा करार! फोनवर तू मला मधेच तोडतोस, म्हणून सरळ कागदच पुढं ओढला. सही करायच्या आधी एवढं वाच, कारण त्या विहिरीत मी एकदा उडी मारून आलोय.

२०१९ च्या पुरात आमचं गणपती पेठेतलं दुकान बुडालं आणि आम्ही विश्रामबागला आलो, हे तुला ठाऊकच आहे. तेव्हाच हळद ऑनलाइन विकायची म्हणून वेबसाइट करून घेतली. दिसायला झकास. पण सात महिने झाले तरी गूगलवर तिचा पत्ता नाही. शेवटी भाचा सुट्टीला आला, त्यानं पाच मिनिटांत रोग शोधला. वर्डप्रेसच्या सेटिंगमध्ये, ‘सर्च इंजिनांनी ही साइट घेऊ नये’ अशा अर्थाची एक चौकट असते. साइट तयार होईपर्यंत त्यावर टिक ठेवतात आणि मग ती काढायची राहून जाते. आमचीही राहिली होती. टिक काढली, काही दिवसांत साइट दिसायला लागली. खर्च म्हणशील तर भाच्याला दोन प्लेट भडंग.

तिथंच थांबायला हवं होतं. पण हाव सुटली, आणि मी एका एसईओवाल्याला महिना बारा हजार द्यायला लागलो. दर महिन्याला रंगीत पीडीएफ यायची : अभिनंदन, तुम्ही पहिल्या क्रमांकावर! कशासाठी? तर आमच्याच दुकानाच्या नावासाठी. अरे, ज्याला दुकानाचं नाव माहीत आहे तो येणारच होता की! शिवाय त्यानं कुठल्याकुठल्या परदेशी जुगाराच्या साइटांवर आमच्या हळदीच्या लिंका विकत घेऊन टाकल्या होत्या. असल्या विकतच्या लिंका गूगलच्या नियमांत बसत नाहीत, उलट त्या अंगाशी येऊ शकतात. आणि पहिल्या नंबरची हमी कुणीच देऊ शकत नाही, असं गूगलनं स्वतःच लिहून ठेवलंय. सहा महिन्यांनी काम बंद केलं, तेव्हा कळलं की आमचं गूगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे नकाशावर दुकान दाखवणारं पान, त्याच्या ईमेलवर आहे. घर आमचं, किल्ली त्याची. ती परत मिळवताना नाकी नऊ आले. म्हणून डोमेन (साइटचा पत्ता), प्रोफाइल, सगळं तुझ्याच ईमेलवर असू दे, काम कुणीही करो.

त्या प्रोफाइलची आणखी एक गंमत. नकाशावरची पिन जुन्याच दुकानावर राहिली होती. गिऱ्हाईक बिचारं पेठेतल्या बंद शटरपुढं उभं राहून मला फोन करायचं. बारा हजारवाल्याला सहा महिन्यांत ते दिसलं नाही.

मग मीच बसलो. गूगल सर्च कन्सोल म्हणून एक फुकटचं साधन आहे. लोक काय टाइप करून तुझ्या साइटपर्यंत आले, किती जणांना ती दिसली, किती जणांनी उघडली, हे त्यात सोळा महिने मागपर्यंत दिसतं. उघडलं आणि हसावं की रडावं कळेना. निम्म्याहून जास्त लोक ‘आजचा हळद भाव’ शोधत आलेले! मी हौसेनं मार्केट यार्डातल्या सौद्यांचे दर टाकायचो ना, ते वाचायला. म्हणजे सगळे शेतकरी आणि व्यापारी. ते माझ्याकडून पाव किलोचं पाकीट कशाला घेतील? एसईओवाल्याच्या आलेखावर मात्र रेघ वर वर चढत होती.

आणि माझ्या पानांवर काय होतं? ‘प्रीमियम शुद्ध नैसर्गिक हरिद्रा चूर्ण.’ सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेही मोठ्या अक्षरात. त्यानं विश्वास बसतो, नाही असं नाही. पण शोधताना ते कुणी टाइप करत नाही. काउंटरवर बाई विचारते, ‘लोणच्याला कुठली घेऊ, राजापुरी का सेलम?’ तेच वाक्य मी पानाचं शीर्षक केलं आणि खाली तिला तोंडी सांगतो तसंच उत्तर लिहिलं. सध्या लोणच्याचे दिवस आहेत, त्या एका पानावरून रोज पाकिटं जातायत.

आता तुझं. तुला फोनवर लोक काय विचारतात ते आठव. ‘फुलं सुरू झाली का?’ ‘पठारावर जायला आधी बुकिंग लागतं का?’ ‘गाडी दारापर्यंत येते का?’ ‘जेवण घरचं का?’ वहिनी दिवसातून वीसदा ही उत्तरं देत असतील. तीच त्यांच्या शब्दांत साइटवर लिही. सीझनमध्ये दर दोन दिवसांनी त्या सकाळचा फोटो टाक, खाली तारीख आणि काय फुललंय ते : तेरडा, सोनकी, सीतेची आसवं. पुण्यातल्या एसईओवाल्याला खिडकीतून तेरडा दिसत नाही, तुला दिसतो. फोटो मात्र मोबाइलमधून जसाच्या तसा चढवू नकोस, आधी लहान करून घे. घाटात रेंजची बोंब, पाच एमबीचा फोटो उघडेपर्यंत माणूस दुसरीकडं खोली घेतो.

प्रोफाइलवर नाव पाटीवर आहे तेवढंच ठेव. ‘बेस्ट रूम कास पठार सातारा’ असली शेपटी लावलीस तर प्रोफाइल बंद पडू शकतं. आणि चहा फुकट देतो, पाच तारे द्या, हेही करू नकोस. रिव्ह्यूच्या बदल्यात काही देणं गूगलला चालत नाही. निघताना नुसतं माग. कुणी वाईट लिहिलंच तर चार ओळींत शांतपणे उत्तर दे. (तुझा स्वभाव माहीत आहे. उत्तर वहिनींना लिहू दे.)

एक मात्र खरं, हे सगळं लगेच फळत नाही. चार महिने ते वर्ष धर, असं गूगलच सांगतं. ऑगस्टच्या शेवटी फुलं येतात, म्हणजे आधीच उशीर झालाय. पैसे द्यायचेच असतील तर मासिक हप्ता नको. कुणा जाणकाराला एकदाच बसवून साइट तपासून घे, काय काय चुकलंय ते लिहून घे आणि व्यवहार तिथंच मिटव.

रविवारी मी साताऱ्यात येतोय. लोणच्याची हळद आणतो, तू कंदी पेढे आणून ठेव. लॅपटॉप घेऊन ओट्यावर बसू, पिन आणि प्रोफाइल दुपारपर्यंत उरकेल. काकूंना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. आणि जीमेलचा पासवर्ड तेवढा आधी शोधून ठेव, लेका. मागच्या खेपेला तो आठवण्यात अख्खी दुपार गेली होती.

तुझा,
अनिल