ब्रेक पाईपचं तोंड फुलवायला शिकवणाऱ्या मिस्त्री मामांना

लातूर

मामा, स.न.वि.वि.

घरच्या अंगणात गाडीचे ब्रेक पाईप बदलतो म्हटलं की कुणी म्हणतं ‘त्यात काय एवढं’, तर कुणी म्हणतं ‘नादी लागू नका’. तुम्ही यातलं काहीच म्हटलं नाहीत. पाईप कापून, त्याचं तोंड फुलवून, उन्हात धरून दाखवलंत आणि चुकलेलं तोंड पुन्हा कापायला लावलंत. त्याबद्दल चारचौघांत तुमचे आभार मानायचे आहेत. शिवाय तुम्ही सांगितलेलं इतरांच्याही कामी यावं, म्हणून हे उघडं पत्र.

आपल्याकडे समुद्र नाही, मग पाईप गंजतो कसा? तुम्ही पाईप गाडीला धरून ठेवणारी क्लिप उचकटून उत्तर दाखवलंत. पावसाळ्यात शेतरस्त्याची काळी माती क्लिपमागे घट्ट बसते. वरून वाळलेली दिसली तरी आत ओल धरते. उघड्यावरचा पाईप ठणठणीत दिसतो आणि क्लिपखालचा बोटभर तुकडा खाल्लेला असतो. दसऱ्याला गाडी धुता, तेव्हाच क्लिपा सोडवून बघा, हे तुमचं सांगणं आता आम्ही सगळ्यांना सांगतो.

साहित्याबाबत तुम्ही ठाम होतात, ते बरं झालं. बहुतेक छोट्या गाड्यांना बाहेरून ४.७५ मिमी व्यासाचा पाईप लागतो. तो पोलादी घ्यावा किंवा तांबं-निकेल मिश्रधातूचा. मिश्रधातूचा हातानं वळतो आणि गंजत नाही. फ्रिज-एसीची तांब्याची नळी मात्र कधीच घ्यायची नाही. ती थरथरीनं कडक होत जाते आणि एक दिवस तडकते. जोरात ब्रेक मारल्यावर पाईपमध्ये १०० बारच्या (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाएवढा) आसपास दाब जातो. म्हणूनच मधला सडका तुकडा कापून रिंगा दाबून बसवायचा जोड लावणं हा जिवाशी खेळ आहे.

जुना नट सोडवताना साधा उघडा पाना लावला की कोपरे गोल होतात. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवायचं आणि सकाळी फ्लेअर नटाचा पाना लावायचा (पाईप आत जाईल एवढीच फट ठेवून नटाला भोवतीनं धरणारा), बहुधा १० किंवा ११ नंबरचा. तरी हलला नाही, तर पाईप नटाला लागून कापायचा आणि सहा कोनी सॉकेट वरून घालायचा. पाईप तसाही टाकायचाच असतो! रबरी होजच्या जोडाला दुसऱ्या पान्यानं होज धरली नाही तर तिला पीळ बसतो, हेही तुमच्याकडूनच कळलं. जुना पाईप शक्यतो अख्खा काढायचा, कारण वळणांचा नमुना तोच. लांबी वळणावळणानं सुतळी फिरवून मोजायची.

पाईप सोडण्याआधी पेडल थोडं दाबून काठीनं अडकवलं की टाकीतलं ब्रेक ऑइल खाली उतरत नाही. ही युक्ती सोन्यासारखी आहे. फक्त तेव्हा मागचे ब्रेक लाईट पेटून राहतात, म्हणून बॅटरीची निगेटिव्ह तार आधी काढायची.

आता तोंड फुलवण्याचं. खरं शिक्षण इथंच होतं. पाईप आरीनं नाही, छोट्या ट्यूब कटरनं कापायचा, दर फेऱ्याला थोडाच आवळत. मग कापलेल्या कडेची आतली-बाहेरची धार घासून घालवायची आणि भुकटी फुंकून टाकायची. तुमच्या फळीवर ठेवलेलं ते फसलेलं तोंड डोळ्यांसमोरून जात नाही: धार न घालवता फुलवलेलं, आणि कडेला केसाएवढी चीर. नखाला लागली, डोळ्यांना दिसली नाही. गळती तिथूनच सुरू होते.

दुसरी चूक फ्लेअरच्या, म्हणजे फुलवलेल्या तोंडाच्या, जातीची. डबल फ्लेअरचं तोंड नरसाळ्यासारखं आत वळलेलं असतं, बबल फ्लेअरचं बाहेर फुगलेलं. जपानी बनावटीत बहुधा पहिलं, युरोपीय बनावटीत बहुधा दुसरं. पण अंदाजानं चालायचं नाही, जुन्या पाईपचं तोंड बघूनच ठरवायचं. एकाच्या जागी दुसरं कितीही आवळलं तरी झिरपतं आणि उलट बैठक खराब होते. आणि नट आधी पाईपवर ओवायचा, मग फुलवायचं! "नट इसरला की पाईप गेला," हे तुमचं वाक्य प्रत्येकाच्या तोंडी बसलं आहे. डायमध्ये, म्हणजे पाईप पकडायच्या साच्यात, तो घट्ट धरला नाही तर तो मागं सरकतो आणि तोंड वाकडं येतं. तसं आलं तर कापून पुन्हा, म्हणून पाईप हातभर जास्तीचाच आणायचा.

बसवताना नट चार-पाच आटे बोटांनीच फिरला पाहिजे. पाना पहिल्याच आट्याला लागत असेल, तर आटे आडवे चढताहेत. पाईप सायलेन्सरपासून लांब, सगळ्या क्लिपांत, कुठंही घासणार नाही असा बसवायचा.

पाईप उघडला की आत हवा शिरते. ती काढताना गाडीला सांगितलेलंच ब्रेक ऑइल, बहुतेक डॉट ३ किंवा डॉट ४, नवं सीलबंद, १ लिटर. उघडा डबा हवेतली ओल ओढतो, मग कन्नडच्या घाटात उतारावर ते उकळून पेडल मऊ पडतं. बऱ्याच गाड्यांत मास्टर सिलिंडरपासून (पेडल दाबलं की ऑइल ढकलणारा) लांबच्या चाकापासून सुरुवात करतात, पण क्रम गाडीच्या पुस्तकात बघावा. एकानं पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं चाकाजवळचं हवा काढायचं निप्पल पाव फेरा उघडून बंद करायचं, मगच पेडल सोडायचं. जुन्या गाडीत पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवायचा. नाहीतर एरवी पोचत नाही त्या गंजक्या भागावर जाऊन मास्टर सिलिंडरचे रबर फाटतात. टाकी एकदा रिकामी झाली की सगळं पहिल्यापासून. एबीएसच्या (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) युनिटात हवा शिरली तर बऱ्याचदा स्कॅनरच लागतो, तिथं गॅरेज गाठावं. रंगावर ऑइल सांडलं तर लगेच पाणी ओतायचं.

शेवटी तुमची परीक्षा: इंजिन चालू ठेवून पेडल मिनिटभर जोरात दाबून धरायचं, प्रत्येक जोड कोऱ्या कागदानं पुसायचा. कागद ओला झाला तर गाडी जागेवरच. कोरडा राहिला तर आधी मोकळ्या मैदानात, हळू.

फ्लेअरिंग टूल पुसून, डायला तेलाचा हात देऊन डबीत ठेवलं आहे. ४.७५ ची डाय वेगळ्या कापडात बांधली आहे. रविवारी आणून देतो.

आपले ऋणी,
अंगणात गाडी उघडणारी मंडळी