अक्काच्या प्रश्नाचं उत्तर

पुणे,
शनिवार, रात्री ११

प्रिय दिलीप,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू अक्काचा प्रश्न सांगितलास आणि मी "नंतर सविस्तर बोलू" म्हणून फोन ठेवला. तेव्हापासून तो डोक्यातून जात नाही. "कॅन्सरची गाठ वाढत होती तेव्हा माझ्या रक्तातल्या पेशी काय झोपल्या होत्या का रे?" लिहूनच उत्तर द्यावं म्हटलं. तिला वाचून दाखव, घाई न करता.

झोपल्या नव्हत्या, हे आधी सांग. मी त्यांना रात्र-रात्र बघत बसतो. मायक्रोस्कोपच्या खोलीत दिवे बंद, बशी ३७ अंशांवर ठेवलेली, आणि कॅमेरा दर ३० सेकंदांनी एक फोटो घेतो. कॅन्सरची पेशी ऐसपैस पसरलेली असते. रक्तातली एनके पेशी, म्हणजे नॅचरल किलर, तिच्यापुढे चिमुकली. ती सरपटत येते, चाचपते आणि एकदम थबकते. तिची पुढची कड पसरून समोरच्या पेशीला चिकटते. तिच्या आत एक हिरवा ठिपका दिसतो, तो सेन्ट्रोसोम, म्हणजे पेशीच्या आतल्या बारीक नळ्या जिथून निघतात ती जागा. चालताना तो मागच्या बाजूला असतो. शत्रूची ओळख पटली की काही मिनिटांत पुढे येऊन चिकटलेल्या जागेला भिडतो. विषाच्या पुड्या त्याच्याभोवती गोळा झालेल्या असतात, त्याही सोबत येतात आणि तिथेच रिकाम्या होतात. थोड्या वेळाने पलीकडच्या पेशीवर फोड उठायला लागतात आणि बाहेरच्या पाण्यात घातलेला लाल रंग तिच्यात शिरतो. मेली. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो.

ही सगळी हालचाल घडवतो तो पेशीचा सांगाडा. सांगाडा म्हटलं की आपल्याला हाडं आठवतात, पण हा तुझ्या मांडवाच्या जातीचा. सकाळी इथे उभा, दुपारी सोडला, संध्याकाळी दुसरीकडे. पेशीच्या कातडीच्या आतल्या बाजूला ॲक्टिन नावाच्या प्रथिनाचे बारीक धागे, एका टोकाला विणले जाणारे आणि दुसऱ्या टोकाला उसवणारे. आणि सूक्ष्मनलिका म्हणजे अगदी तुझे बांबू, आतून पोकळ, सेन्ट्रोसोमपासून चहूकडे गेलेले. विषाच्या पुड्या या नलिकांवरूनच ओढल्या जातात. लॅबमध्ये औषध घालून नलिका मोडल्या, तर शत्रूला चिकटलेली मारेकरी पेशीसुद्धा नीट मारू शकत नाही.

अक्काला आणखी एक सांग. तिला जे पॅक्लिटॅक्सेल हे केमोचं औषध चढवतात, ते या नलिकांनाच धरून बसतं. नलिका सुटल्या-जोडल्या नाहीत की कॅन्सरच्या पेशीला दुभंगता येत नाही. पण मज्जातंतूंमध्येही त्याच नलिका असतात. पायाला मुंग्या येतात म्हणते ना ती, त्याचं मूळ तिथे आहे. ही तक्रार तिने डॉक्टरांना प्रत्येक वेळी सांगायलाच हवी, अंगावर काढू नये.

सांगाडा बिघडला तर काय होतं, हे माणसांतही दिसलं आहे. १९३७ साली म्युनिकच्या आल्फ्रेड विस्कॉट या डॉक्टरने तीन सख्ख्या भावांची हकीकत लिहिली. रक्तस्राव, इसब, सारखे जंतुसंसर्ग. तिघंही लहानपणीच गेले, बहिणी मात्र निरोगी. त्यामागचा जनुक १९९४ मध्ये सापडला. त्यापासून बनणारं प्रथिन रक्तपेशींमध्ये ॲक्टिनची बांधणी कुठे सुरू करायची ते ठरवतं. अशा मुलांच्या एनके पेशींना शत्रूसमोर नीट मोर्चा बांधता येत नाही, आणि त्यांच्यात लिम्फोमाचा, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कॅन्सरचा, धोकाही वाढलेला असतो. त्या तीन भावांचा विचार मनात आला की मला अजून गलबलतं.

आता तुझ्या धंद्यातली गोष्ट. कनात ढिली असली तर दाभण घसरतं आणि ताणून धरली तर सट्‌कन आरपार जातं, हे तूच मला दाखवलं होतंस. न्यूयॉर्कच्या मॉर्गन ह्यूझ यांच्या गटाने २०१६ मध्ये टी पेशींबाबत, म्हणजे रक्तातल्याच दुसऱ्या मारेकरी पेशींबाबत, नेमकं हेच दाखवलं. टी पेशी नुसतं विष सोडत नाही, ॲक्टिनच्या जोरावर समोरच्या पेशीला रेटते, ओढते. त्या पेशीचा पडदा ताणला की विषातल्या परफोरिनला त्यात भोक पाडणं सोपं जातं, आणि त्या भोकातून विषातलंच ग्रॅनझाइम आत जाऊन पेशी मारतं.

मग अक्काच्या बाबतीत काय झालं असेल? तिच्या गाठीत नेमकं काय घडलं ते मी सांगू शकत नाही, आणि तिला खोटं सांगायचं नाही. पण स्तनाच्या कॅन्सरच्या पेशींवर लक्झेंबर्गमध्ये झालेलं काम २०१८ मध्ये छापून आलं, त्याने माझी झोप उडवली होती. एनके पेशी चिकटली की काही कॅन्सर पेशी ऐन त्या जागी आपलं ॲक्टिन झपाट्याने गोळा करतात. अशा पेशींमध्ये ग्रॅनझाइम कमी सापडतं आणि त्या वाचतात. ॲक्टिनची ही जमवाजमव रोखली, तेव्हा त्याच पेशी मरायला लागल्या. म्हणजे हल्ला झाला होता. आपली पेशी पोचली, तिने ओळखलं, वारही केला. समोरच्याने ऐन वेळी बांध घातला. हे बशीतल्या पेशींवरचं काम आहे, त्याचं औषध अजून दवाखान्यात आलेलं नाही. तरी दिलीप, शरीराने आपल्याला दगा दिला असं अक्का म्हणते ना, ते मला मान्य नाही.

मुंबईच्या कार-टी उपचाराचं, म्हणजे रोग्याच्याच टी पेशी बदलून परत देण्याच्या उपचाराचं, कात्रण पाठवलं होतंस. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून तो उभा राहिला, ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला मंजुरी मिळाली, खरोखर अभिमानाची गोष्ट आहे. पण तो बी पेशी नावाच्या रक्तपेशींच्या कॅन्सरसाठी (ल्युकेमिया-लिम्फोमासाठी) आहे, अक्काच्या आजारासाठी नाही. त्यासाठी कर्ज काढायचा विचार मनातून काढून टाक. तिचे चालू उपचार एकही फेरी न चुकवता पूर्ण होऊ देत.

पुढच्या शनिवारी कोयनेने कराडला येतो. रात्री पाहिलेली ती फिल्म लॅपटॉपवर आणतोय, ऑफिसचा छोटा प्रोजेक्टरही. गोडाऊनमधलं एखादं पांढरं कापड धुऊन ठेव. अक्काच्या खाटेसमोरच्या भिंतीवर लावू, तिला झोपल्या झोपल्या दिसेल असं. आणि ताणून बांध.

तुझा,
अनिल