डॉक्टर मॅडम, कंसातल्या त्या आकड्याबद्दल

आदरणीय डॉक्टर मॅडम,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे, कारण ज्यांच्या लहानग्याचा गुडघा संधिवाताने सुजलाय अशा आईवडिलांनीही ते वाचावं अशी इच्छा आहे. आभार मात्र तुमचेच. माझ्या लेकीच्या डोळ्यातली सूज तुम्ही दर वेळी मोजून लिहून ठेवलीत, त्याबद्दल.

संधिवाताच्या डॉक्टरांनी तुमच्याकडे पाठवलं तेव्हा तिचे डोळे दिसायला पांढरेशुभ्र होते. लाली नाही, पाणी नाही, दुखणं नाही. एका ठिकाणी तर कागदावर ‘डोळे ठीक’ एवढंच लिहून मिळालं होतं. लहान मुलांच्या संधिवातात, त्यातही मोजकेच सांधे धरलेले असतील आणि रक्तात एएनए (शरीराच्या स्वतःच्याच पेशींविरुद्धची प्रतिपिंडं) पॉझिटिव्ह असेल तर, युव्हायटिस, म्हणजे डोळ्याच्या आतली सूज, असाच गुपचूप येतो. मूल कुरकुर करेपर्यंत बुबुळ मागच्या भिंगाला चिकटलेलं असू शकतं, मोतीबिंदूही धरलेला असू शकतो. म्हणून अशा मुलांचे डोळे काही त्रास नसतानाही दर तीन महिन्यांनी स्लिट लॅम्पवर, म्हणजे झोत टाकून डोळ्याच्या आत बघायच्या सूक्ष्मदर्शकावर, बघायचे असतात, हे मला तुमच्याकडून कळलं.

त्या दिवशी मदतनीस ताई सवयीने बाहुली मोठी करायचे ड्रॉप घेऊन आल्या आणि तुम्ही त्यांना थांबवलंत. “आधी मला मोजू दे, मग घाला.” त्या ड्रॉपने बुबुळाचे रंगकण सुटून डोळ्याच्या आतल्या पाण्यात येतात आणि सुजेच्या पेशींसारखे दिसतात, हे तुम्ही मला तिथल्या तिथे समजावलंत. मग खोलीत अंधार केलात, लेक खुर्चीवर गुडघे टेकून हनुवटी ठेवून बसली, आणि तुम्ही एक मिलिमीटर बाय एक मिलिमीटर एवढाच प्रकाशाचा झोत डोळ्यात सोडलात. निरोगी डोळ्यातल्या पुढच्या पाण्यात तो झोत दिसतच नाही. सूज असली की कवडशातल्या धुळीसारख्या पांढऱ्या पेशी त्यात तरंगताना दिसतात. लहान मूल स्थिर बसतं ते काही क्षण, तेवढ्यात मोजायचं. हे काम किती चिकाटीचं आहे ते मी शेजारी उभी राहून पाहिलं आहे.

एका झोतात १ ते ५ पेशी म्हणजे ०.५+, ६ ते १५ म्हणजे १+, १६ ते २५ म्हणजे २+, ५० पर्यंत ३+ आणि त्यापुढे ४+. जगभरच्या युव्हायटिसतज्ज्ञांनी ठरवलेली ही मोजपट्टी २००५ साली प्रसिद्ध झाली, हे तुम्हीच सांगितलंत. पण मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते तुम्ही कंसात लिहायचात ते. ७ पेशी असोत की १४, दोन्ही १+ मध्येच बसतात. तुम्ही १+ लिहून पुढे कंसात खरा आकडा टाकायचात. दोन भेटींत १+ हलला नाही म्हणून मी रडकुंडीला आले होते, तेव्हा तुम्ही कंसावर बोट ठेवून दाखवलंत की आतली सूज उतरते आहे.

पाण्याचा गढूळपणा, म्हणजे फ्लेअर, तुम्ही वेगळा लिहायचात. जुन्या आजारात पेशी गेल्या तरी तो रेंगाळतो, तेवढ्यावरून स्टिरॉइडचे ड्रॉप वाढवायचे नाहीत, हे सांगितलंत. हा भेद ठाऊक नसता तर फाइलमधला तो शब्द बघून मीच ड्रॉप वाढवून मागितले असते. त्या ड्रॉपने डोळ्याचा दाब वाढतो, मोतीबिंदू होतो. म्हणूनच ते घाईने थांबवायचे नाहीत आणि कारणाशिवाय लांबवायचेही नाहीत. थेंब एकाने कमी केलात की महिन्याभरात पुन्हा मोजायला बोलवायचात. पेशी पुन्हा दिसायला लागल्या तेव्हा तुम्ही संधिवाताच्या डॉक्टरांना आमच्यासमोर फोन लावलात आणि आठवड्यातून एकदाचं मेथोट्रेक्सेट, म्हणजे प्रतिकारशक्तीला आवर घालणारं औषध, सुरू झालं. इतक्या लहान मुलीला असलं औषध द्यायला मन धजत नव्हतं. आकडे डोळ्यासमोर होते म्हणून घरात सगळ्यांना ते पटवता आलं, अगदी सासूबाईंनाही.

आता बदलीमुळे आम्ही बंगळुरूला आलो आहोत. इथल्या डॉक्टरांनी तुमची फाइल पहिल्या पानापासून वाचली. कुठलं औषध कधी आणि का बदललं, हे त्यांनी मला एकदाही विचारलं नाही. आणि त्यांनीही ड्रॉप घालायच्या आधी मोजलं.

दोन्ही डोळ्यांत पेशी शून्य आहेत. थेंब बंद झालेत, मेथोट्रेक्सेट चालू आहे. सगळी औषधं थांबवल्यावर किमान तीन महिने शून्य टिकलं तरच रेमिशन, म्हणजे आजार शांत झाला, असं म्हणायचं, हे तुमचं सांगणं लक्षात आहे, त्यामुळे तो शब्द अजून घरात कुणी काढत नाही. पुढची तपासणी दिवाळीनंतर आहे. काय निघालं ते कळवते, कंसातल्या आकड्यासकट.

आपली कृतज्ञ,
तुमच्या एका छोट्या पेशंटची आई