रेडिओवाल्या काकांना जाहीर आभाराचं पत्र

आदरणीय काका,
स. न. वि. वि.

आईचा ट्रान्झिस्टर दुरुस्त करण्याचे पैसे तुम्ही घेतलेत, तेही किरकोळच. पण त्यासोबत जे फुकट दिलंत, त्याचे आभार मानायचे राहून गेले. बुधवार पेठेतल्या तुमच्या दुकानात समोर उभं राहून असलं काही बोलवत नाही. बोललेच असते, तर सोल्डरिंग गन खालीही न ठेवता ‘बरं बरं’ म्हणून तुम्ही मला वाटेला लावलं असतंत.

आईची नजर अधू झाली आणि टीव्ही तिच्या कामाचा उरला नाही. सेल गळून हिरव्या पडलेल्या पट्ट्या तुम्ही घासून दिल्यात, आवाजाच्या बटणाची खरखर घालवलीत. तरी घरी आकाशवाणीचं पुणे केंद्र लागेना, नुसती घरघर. फोन केला, तर तुमचा पहिला प्रश्न, ‘शेजारी चार्जर नाहीतर एलईडी दिवा आहे ना?’ दोन्ही होते. काढले. ‘आता सेट हळूहळू फिरवा. पुणे केंद्र मिडियम वेव्हवर लागतं आणि तिची एरियल आत असते, फेराइट नावाच्या चुंबकीय पदार्थाच्या कांडीवर गुंडाळलेली तार. तिला दिशा लागते. वरची दांडी ओढू नका, ती एफएमची.’ सेट खिडकीशी आडवा झाला आणि ७९२ किलोहर्ट्झवर निवेदिका स्वच्छ बोलू लागली. तिथे कट्ट्यावर आईने खडूने खूण करून घेतली आहे. झाडलोट करताना कुणी सेट हलवला, तर त्याची खैर नाही.

‘नुसता लावून ठेवू नका, कान देऊन ऐका आणि केंद्रं एकमेकांशी ताडून बघा,’ हेही तुम्हीच तिला बजावलंत. आता ती परीक्षकाच्या थाटात ऐकते. तिच्या मते सकाळी सात पाचच्या प्रादेशिक बातम्यांना तोड नाही. सगळं राज्य फिरून होतं आणि कुणी कुणावर ओरडत नाही. खासगी एफएमवाल्यांना स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगीच नाही, आकाशवाणीच्याच जशाच्या तशा लावता येतात, हे तुमच्याकडून कळल्यावर म्हणाली, ‘म्हणूनच दिवसभर ट्रॅफिक सांगत बसतात होय!’

गाण्यांत मात्र एफएम १०१ वरची विविधभारती सरस, हे तिला नाइलाजाने मान्य करावं लागलं. ‘संगीत सरिता’मध्ये आधी राग उलगडून सांगतात, मग त्याच रागातलं सिनेमाचं गाणं, आणि सगळं पंधरा मिनिटांत. ‘छायागीत’वर आमचं पटत नाही. निवेदक आपल्या आवडीची गाणी निवडून त्यांच्याभोवती बोलतो. मला ते कधीकधी फार पाकातलं वाटतं, आईला तेच हवं असतं. मोबाइलवर हजारो गाणी आहेत, पण गाण्याआधी गीतकाराचं नाव घेण्याची रीत तिथे कुठे? यावर मात्र आमचं एकमत आहे.

पुणे केंद्राचं नाव निघालं की आपण पुणेकर थेट १९५५ च्या गीतरामायणावर जातो. माडगूळकरांनी लिहायचं, फडक्यांनी चाल लावायची, आठवड्याला एक गाणं, असं वर्षभर. अभिमान रास्तच आहे. पण मी तीच टेप लावल्यावर तुम्ही म्हणालात, ‘ते आहेच हो, आजचं काय ऐकलंत ते सांगा.’ चांगलीच चपराक होती. पुणे विद्यापीठाचं रेडिओ केंद्र विद्यावाणी, एफएम १०७.४, ही तुमचीच शिफारस. तिथलं निवेदन मधूनच अडखळतं, पण लाडिक होत नाही. आईने पोरांना पासापुरते गुण दिले आहेत, आणि तिच्या हिशेबात ते पुष्कळ झाले.

आता कामाचं. आमच्या सोसायटीतल्या एका आजींकडे व्हॉल्व्हचा जुना मर्फी रेडिओ आहे. डायलचा दोरा तुटलाय आणि वर्षानुवर्षं त्यावर फुलदाणी ठेवलेली आहे. शनिवारी रिक्षाने घेऊन येते. ‘याचे पार्ट आता मिळत नाहीत’ म्हणायच्या आधी एकदा उघडून तरी बघा.

आपली,
एक श्रोती (आणि तिची आई)